चांदरातीला आकाशातून पडलेली कडी

2 एप्रिल 2022 ची शनिवारची संध्याकाळ आमच्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. सकाळी गुढीपाडवा झाला होता. संध्याकाळी रमजानचा चांद दिसला आणि मोहल्ल्यांत पहिल्या तरावीहची लगबग सुरू झाली. अशात पावणेआठच्या सुमारास जळते गोळे रांगेने आकाशातून गेले. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली. पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे पोकळ गोळेही सापडले.

सोमवारी वर्गात धडा बाजूलाच राहिला. "उल्का होती का?" "कुणी क्षेपणास्त्र सोडलं का?" मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "कयामतची निशाणी तर नाही ना?" खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हीही घाबरलो होतो.

उत्तर हौशी आकाशनिरीक्षकांकडून मिळाले. चंद्रपूरच्या स्काय वॉच ग्रुपचे प्रा. सुरेश चोपणे यांच्यासारखी मंडळी अशा गोष्टी लोकांना समजावून सांगत आली आहेत. उल्का एकदोन सेकंदांत विझते. हे तुकडे मात्र सावकाश, बराच वेळ जात होते. तो चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा जुना भाग असावा, असे जाणकारांचे मत पडले. पृथ्वीभोवती फिरता फिरता तो खाली उतरत गेला आणि हवेच्या घर्षणाने पेटला.

मुलांची भीती गेली, पण आकाशाची ओढ लागली. मग हिवाळ्यात, अमावास्येच्या जवळच्या रात्री शाळेच्या गच्चीवर काही आकाशनिरीक्षकांना बोलावले. आमच्याकडे रात्री जंगलात मुले नेता येत नाहीत. वाघाचा मुलूख आहे. अडचण वेगळीच निघाली. मुलगे लगेच तयार झाले. मुलींच्या घरून मात्र विचारणा झाली, "रात्री मुलींचं तिथे काय काम?" प्रश्न काळजीचा होता, म्हणून वाद घातला नाही. "अम्मींनीही यावं," एवढाच निरोप धाडला.

इशानंतर बाया शाली गुंडाळून गच्चीवर आल्या. दिवे बंद झाले, टॉर्चवर लाल कागद बांधला. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटे लागतात. तेवढ्यात गप्पा झाल्या आणि हळूहळू तारे वाढत गेले.

कृत्तिकांचा पुंजका दाखवून पाहुणे म्हणाले, "याला अरबीत सुरय्या म्हणतात." बायांत हसू पसरले, हे नाव तर आपल्या कितीतरी घरांत आहे! तिच्या मागून येणारी रोहिणी म्हणजे अल-दबरान, 'मागून येणारा'. मृगातला रायजेल म्हणजे 'रिज्ल', पाय. आज जगभर ही नावे चालतात. दुर्बिणीतून देवयानीतला धूसर ठिपकाही पाहिला. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी सन 964 च्या सुमारास आपल्या ग्रंथात त्याची 'लहान ढग' अशी नोंद केली होती. तो ढग म्हणजे 25 लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका आहे.

मग एका गोंड मुलाने मृगाच्या पट्ट्याकडे बोट केले. "आमचा आजा याला नांगर म्हणतो." सप्तर्षींचा चौकोन म्हणजे खाट आणि मागचे तीन तारे चोर, हेही त्यानेच सांगितले. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड गावांत फिरून अशीच माहिती गोळा केली आहे. त्या रात्री तो मुलगा आम्हा सर्वांचा उस्ताद झाला.

आमच्याजवळची ही दौलत मात्र कमी होत आहे. चंद्रपूर शहरात दिव्यांच्या उजेडात आणि धुरकट हवेत मोजकेच तारे दिसतात. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आपल्याला अंगणातला दिवा तासभर मालवणे तरी सहज जमेल.

निघताना एक अम्मी म्हणाल्या, "आम्ही वर्षातून दोनदा चांद बघायला वर पाहायचो, बस." मग थांबून त्यांनी विचारले, "पुढच्या अमावास्येला पुन्हा ठेवणार का? धाकटीलाही आणीन म्हणते."