कोरोनरी कॅल्शियम स्कोअर

कोरोनरी कॅल्शियम स्कोअर हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भित्तिकांमध्ये साठलेल्या कॅल्शियमचे प्रमाण दर्शवणारा आकडा आहे. तो छातीच्या सीटी स्कॅनवरून काढतात. हृदयविकाराची लक्षणे नसलेल्या व्यक्तीला पुढे झटका येण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो.

धमनीच्या भित्तिकेत कोलेस्टेरॉल व दाहक पेशी साचून ‘प्लाक’ नावाचा थर तयार होतो आणि कालांतराने त्यात कॅल्शियम जमते. त्यामुळे हृदयधमनीत कॅल्शियम दिसणे ही विकार सुरू झाल्याची खूण मानतात. मात्र धमनी किती अरुंद झाली आहे, हे या आकड्यावरून कळत नाही.

गणना

सध्याची पद्धत आर्थर ॲगॅटस्टन, वॉरेन जॅनोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. (ॲगॅटस्टन पुढे ‘साउथ बीच डाएट’मुळे अधिक प्रसिद्ध झाले.) किमान १३० हाउन्सफिल्ड एकक घनतेच्या प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ मोजून त्याला कमाल घनतेनुसार १ ते ४ या गुणकाने गुणतात. ५ चौरस मिलिमीटरच्या, २५० एकक घनतेच्या ठिपक्याचा गुणक २, म्हणून गुण १०. सर्व ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. स्कॅनसाठी शिरेतून औषध द्यावे लागत नाही. किरणोत्साराची मात्रा साधारण १ मिलिसिव्हर्ट असते.

अर्थ व मर्यादा

१०० किंवा अधिक स्कोअर असल्यास सहसा स्टॅटिन औषधे सुचवली जातात. शून्य स्कोअर असल्यास, मधुमेह, धूम्रपान किंवा कुटुंबात अकाली हृदयविकाराचा इतिहास नसेल, तर ती लांबणीवर टाकता येतात, असे २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात. तथापि शून्य म्हणजे निर्दोष धमन्या नव्हेत. कॅल्शियम न जमलेला मऊ प्लाक या स्कॅनमध्ये दिसत नाही आणि तरुण रुग्णांत तोच अधिक असू शकतो. छातीत दुखत असताना केवळ या चाचणीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

स्टॅटिनमुळे प्लाक अधिक घट्ट व स्थिर होतो. परिणामी धोका कमी होत असतानाही स्कोअर वाढू शकतो; उपचारांचे यश मोजण्यास हा आकडा उपयोगी नाही.

वय व लिंगानुसार तुलनेसाठी वापरले जाणारे तक्ते प्रामुख्याने अमेरिकेतील ‘मेसा’ या अभ्यासावर आधारित आहेत. त्यात गौरवर्णीय, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व चिनी वंशाचे लोक होते. दक्षिण आशियाई गट नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को परिसर व शिकागो येथील दक्षिण आशियाई रहिवाशांचा ‘मसाला’ हा स्वतंत्र अभ्यास हाती घेण्यात आला.