दुकानातला पोपट घरी येत नाही

आई-बाबा उन्हाळ्यात तीन महिने म्युनिकला येणार, म्हणून आम्ही टीव्ही घ्यायला निघालो. विक्रेत्याने थेट ८के टीव्हीसमोर उभं केलं. पडद्यावर एक पोपट, त्याचं पीस न् पीस मोजता येईल असा. पोस्टडॉकच्या पगारात तो बसणार नव्हताच. पण तो पोपट खास दुकानासाठी केलेल्या चित्रणातला असतो. घरी येतो तो सिग्नल.

आणि सिग्नलमध्ये काय असतं? एआरडी आणि झेडडीएफ या वाहिन्या उपग्रहावरून १२८० × ७२० पिक्सेलचं चित्र पाठवतात. ४के पडदा ३८४० × २१६०चा, म्हणजे आडवे तिप्पट, उभे तिप्पट. थोडक्यात, दर नऊ ठिपक्यांमागे एकाचीच माहिती बाहेरून येते, बाकीच्या आठांची टीव्हीतली चिप शेजारपाजार बघून अंदाजाने भरते. ८केमध्ये हाच हिशोब छत्तिसात एक!

७२० म्हणजे जर्मनांचा कंजूषपणा वाटेल, पण तसं नाही. ही सेकंदाला ५० पूर्ण चित्रं असतात. १०८०ची जी पद्धत तेव्हा समोर होती, तिच्यात ५० अर्धी चित्रं जातात: एकदा विषम ओळी, एकदा सम. गुणाकार केला तर ७२०ला सेकंदाला ४.६ कोटी ठिपके लागतात, १०८०च्या अर्ध्या चित्रांना ५.२ कोटी. खर्च साधारण तेवढाच, पण फुटबॉलसारख्या पळत्या चित्राला पूर्ण चित्रं मानवतात. युरोपीय प्रसारण संघाने २००४ साली ७२०ची शिफारस केली ती याचसाठी. म्युनिकमध्ये २९ मार्च २०१७ पासून साध्या अँटेनावर १०८०ची ५० पूर्ण चित्रंही मिळतात, ऑलिम्पिक टॉवरवरून. सार्वजनिक वाहिन्या त्यावर फुकट दिसतात. (फुकट कसल्या, महिन्याचा रुंडफुंकबाइट्राग आपण टीव्ही नसतानाही भरतोच.) १ जुलै २०२४ पासून घरमालकाला केबलचे पैसे भाड्याच्या खर्चात धरता येत नाहीत, तेव्हा अँटेनाचा विचार जरूर करा.

आता डोळ्यांकडे येऊ. निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग इतपत बारकावा कळतो. ५५ इंची टीव्हीवर ७२०चे ठिपके ३.३ मीटरपलीकडून एकमेकांत मिसळतात, १०८०चे २.२ मीटरपलीकडून, आणि ४केचे १.१ मीटरवरूनच. आमचा सोफा भिंतीपासून अडीच मीटरवर. म्हणजे ४केचा सगळा बारकावा बघायचा तर बाबांना सोफा सोडून टीव्हीपुढे मांडी ठोकावी लागेल, लहानपणी आम्ही बसायचो तशी.

बाबांना बघायच्या असतात दूरदर्शनच्या जुन्या मालिका. भारतात १९८२ साली रंगीत टीव्ही आला तो जर्मनीत जन्मलेल्या पाल पद्धतीने, दिसणाऱ्या ओळी ५७६. यूट्यूबवरच्या त्यांच्या प्रती बहुतेक त्याहून धूसर. इथे चिपचा अंदाज चुकला की माणसांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

म्हणून पुढच्या खेपेला पेन ड्राइव्हवर अशाच एका मालिकेचा तुकडा घेऊन गेलो आणि पोपट बंद करायला लावला. महागड्या टीव्हीने नायिकेच्या गालांना पॉलिश केलं. तीन नंबरच्या, बऱ्याच स्वस्त ४के टीव्हीवर शार्पनेस शून्यावर आणल्यावर ती माणसासारखी दिसली. तोच घेतला.