परदेशातील गाडी आणि विमा

मुलांनो, समजा, तुमचे काका नोकरीसाठी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी राहायला गेले. तेथे त्यांनी मोटार विकत घेतली. परंतु गाडी चालवण्याचा परवाना त्यांच्याजवळ आपल्या देशातील आहे. तो तेथे चालेल का?

हो, चालेल. आपल्यासारखीच तेथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. बाहेरून आलेल्या माणसाला काही ठरावीक काळ स्वतःच्या देशाच्या परवान्यावर गाडी चालवता येते. मात्र गाडी चालवताना परवाना जवळ बाळगावा लागतो. त्यावरील मजकूर इंग्रजीत नसेल, तर त्याचे मान्यताप्राप्त भाषांतरही सोबत लागते. ठरलेला काळ संपला, की तेथील परवाना काढावा लागतो.

आता विम्याचे पाहू. विमा म्हणजे काय? पुष्कळ लोक विमा कंपनीकडे थोडे थोडे पैसे भरतात. या पैशांना हप्ता म्हणतात. त्यांपैकी एखाद्याच्या गाडीला अपघात झाला, तर साठलेल्या पैशांतून त्याला भरपाई मिळते. एकाचे ओझे अनेकजण मिळून उचलतात.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीचा विमा सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये तशी सक्ती नाही. मग अपघातात जखमी झालेल्यांचे काय? त्यांच्यासाठी तेथे १ एप्रिल १९७४ पासून एक सरकारी योजना चालू आहे. चूक कोणाचीही असो, जखमी माणसाला उपचाराच्या खर्चासाठी मदत मिळते. परदेशी पाहुण्यांनाही ती मिळते. रस्त्यांवरील अपघातांसाठी लागणारा पैसा पेट्रोलवरील आकारातून आणि वाहनांच्या शुल्कातून येतो.

परंतु ही योजना माणसांसाठी आहे, गाड्यांसाठी नाही. काकांच्या चुकीने त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली, तर दुरुस्तीचा खर्च काकांनाच द्यावा लागेल. तो फार मोठा असू शकतो. म्हणून सक्ती नसली, तरी विमा उतरवणे शहाणपणाचे असते.

विमा उतरवताना कंपनी प्रश्न विचारते. परवाना कोणत्या देशाचा? तुम्ही किती वर्षे गाडी चालवता? पूर्वी अपघात झाला होता का? गाडी आणखी कोण चालवणार? परवाना परदेशी असल्यास हप्ता कदाचित जास्त पडेल. तरीही खरे तेच सांगावे. खोटी माहिती दिली, तर अपघातानंतर कंपनी भरपाई नाकारू शकते. मग हप्ते भरूनही उपयोग होत नाही.

तुमच्या घरी वाहन असेल, तर मोठ्या माणसांकडून त्याचे विमापत्र मागून घ्या. त्याची मुदत कधी संपते, ते वाचून पाहा.