मनाई उठल्यावर घडणारी मज्जानलिका

कोंबडीचे फलित अंडे सुमारे 38 अंश सेल्सिअसला 18 ते 19 तास उबवले, की बलकावरील पांढुरक्या चकतीत एक बारीक रेषा स्पष्ट दिसते. तिला आद्यरेषा म्हणतात आणि तिच्या पुढच्या टोकाच्या जाडसर भागाला हेन्सेनची गाठ. डेनिस न्यू यांच्या 1955 मधील पद्धतीनुसार अंडे सलाइनमध्ये फोडून बलकाभोवतीचे पातळ आवरण कापले जाते, भ्रूणासह सोलून वॉच ग्लासवर पसरले जाते आणि त्यावर काचेचे कडे ठेवून आवरणाच्या कडा आत वळवल्या जातात. हे आवरण फाटले की भ्रूण वाया जातो, म्हणून येथे उपकरणापेक्षा हाताची सवय मोलाची ठरते. आणखी आठ-दहा तासांत गाठीपुढील पेशींचा थर जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि पुढे मेंदू व मज्जारज्जू बनणारी मज्जानलिका मिटू लागते.

ही नलिका गाठीकडून मिळणाऱ्या संदेशामुळे घडते. एका ऊतीने शेजारच्या ऊतीचे भवितव्य असे ठरवण्याच्या क्रियेला प्रेरण म्हणतात. श्पेमान आणि मांगोल्ड यांनी ते 1924 मध्ये न्यूट या उभयचरात दाखवले. पुण्याच्या लीला मुल्हेरकर यांनी 1958 मध्ये कोंबडीच्या आद्यरेषेलगतच्या भागांची प्रेरणक्षमता तपासली. हा संदेश पुष्कळसा मनाई उठवण्याच्या स्वरूपाचा असतो, हे मात्र बरेच उशिरा उमगले. बीएमपी नावाची प्रथिने बाह्यस्तराला, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या पेशीथराला, त्वचेकडे वळवतात. बेडकात 1992 मध्ये सापडलेले नॉगिन हे प्रथिन त्यांनाच बांधून निष्प्रभ करते, तेव्हा पेशी चेतामार्गाला लागतात. कोंबडीत एवढ्याने भागत नाही, एफजीएफ हा दुसरा संदेशही आधी मिळावा लागतो. पाठ्यपुस्तकांतील सुटसुटीत आकृत्या ही अडचण झाकून टाकतात. नलिका तयार झाल्यावर तिच्याखालच्या पृष्ठरज्जू नावाच्या दांड्यातून सोनिक हेजहॉग हे प्रथिन पाझरते आणि त्याच्या कमी-अधिक मात्रेनुसार चालक चेतापेशी कोठे आणि मध्यस्थ चेतापेशी कोठे, हे ठरते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी हायड्रा या मेंदू नसलेल्या जीवातील नॉगिनचे जनुक वेगळे केले. त्याचा आरएनए बेडकाच्या भ्रूणात टोचल्यावर दुसरा शरीराक्ष उमटल्याचे त्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केले. मेंदू उत्क्रांत होण्यापूर्वीच त्याला घडवणारा रेणू अस्तित्वात होता, असा याचा अर्थ होतो.

कोंबडीचा भ्रूण सोलून वाढवण्याच्या प्रयोगाला महागडी सामग्री लागत नाही. दुकानातील अंडी बहुधा अफलित असल्याने ती हॅचरीतून आणावी लागतात, इतकेच. पुण्याजवळच्या ताथवडे येथे जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी भ्रूण स्वतःच्या हाताने सोलून पाहावा.