बालाघाटावरच्या दोन सीमा : पाली ते खर्डा, दुचाकीवरून एक दिवस

बीड शहरातून सोलापूरच्या दिशेने निघालेला प्रवासी पाली हे गाव सहसा न थांबताच ओलांडतो. बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी क्षणभर दिसते, समोर बालाघाटाची डोंगररांग उभी राहते आणि वाहन मांजरसुंब्याच्या घाटाला लागते. दुचाकीवरून एका दिवसात करता येण्याजोग्या एका उत्तम सफरीचा आरंभ मात्र नेमका येथेच होतो. पाली, मांजरसुंबा, पाटोदा, सौताडा, जामखेड, खर्डा, भूम, वाशी आणि पुन्हा पाली असे हे वर्तुळ सुमारे दोनशे किलोमीटरचे आहे. त्यात बीड, अहिल्यानगर आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांची हद्द लागते. सृष्टिसौंदर्य तर आहेच. परंतु या वाटेचे खरे वैशिष्ट्य असे, की ती दोन सीमा ओलांडते. त्यांपैकी एक पाण्याची आहे, तर दुसरी राज्यांची.

युरोपात अशा सीमावर्ती सफरींची आवड जुनी आहे. नेदरलँड्स आणि जर्मनी यांच्या सरहद्दीवरील शेतवाटांवरून मोटारसायकलस्वार दिवसभरात अनेकदा या देशातून त्या देशात जातात. फरक कळतो तो पाट्यांच्या भाषेवरून. डिंक्सपर्लो आणि झुडरविक या दोन गावांमध्ये तर आंतरराष्ट्रीय सीमा एका रस्त्याच्या कडेने धावते. जवळचेच एल्टन हे जर्मन गाव १९४९ मध्ये नेदरलँड्सकडे गेले आणि १ ऑगस्ट १९६३ रोजी परत जर्मनीत आले. त्याच्या आदल्या रात्री व्यापाऱ्यांनी लोणी आणि कॉफीने भरलेले ट्रक गावात आणून उभे केले. मध्यरात्री ट्रक जागचे हलले नाहीत, सीमाच हलली आणि माल जकातीविना जर्मनीत पोचला! हा किस्सा ऐकून मराठवाड्याच्या वेशीवरील एखाद्या वृद्धाला नवल वाटणार नाही. जकात, नाके आणि चोरटी ने-आण हे सारे पाटोदा-जामखेड पट्ट्यानेही पाहिलेले आहे.

घाट चढण्यापूर्वी पाण्याचा विचार करणे इष्ट. बीडहून पालीकडे येताना वाटेत खजाना विहीर लागते. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीत भुयारी मार्गांनी पाणी येते आणि भुयारी मार्गानेच ते शेतांकडे नेले जाते. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी उतारानेच खेळवायचे, ही त्या काळच्या स्थापत्यविशारदांची दृष्टी होती. बालाघाटाचा खडक काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो बनला. दोन थरांमधील सांधा पाणी वाट काढण्यास देतो. बाकीचा कातळ मात्र त्याला अडवतो. त्यामुळे या भागात एका विहिरीला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी, असे दृश्य दिसते.

घाट चढून मांजरसुंब्याला पोचले की पठार सुरू होते. जवळच कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी असलेले हे वीरशैव लिंगायत समाजाचे मोठे श्रद्धास्थान असून, कार्तिकी पौर्णिमेला येथे यात्रा भरते. पावसाळ्यात शेजारचा धबधबा वाहता असतो. मांजरसुंब्याहून उजवीकडे वळणारा रस्ता लिंबागणेशवरून पाटोद्याकडे जातो. चौपदरी महामार्गाचा कोलाहल मागे पडतो. बाजरी, तूर, कापूस, बांधावरची सीताफळाची झाडे आणि मधूनच बोडक्या टेकड्या दिसू लागतात. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मोरांसाठी राखलेले अभयारण्य आहे. सकाळी लवकर निघालेल्या दुचाकीस्वाराला रस्त्याच्या कडेलाही मोर दिसण्याची शक्यता असते. एरवी केकारवावर समाधान मानावे लागते.

हे पठार म्हणजे पाण्याचा तिठाच होय. पालीकडे उतरणारी बिंदुसरा उत्तरेस जाऊन सिंदफणेला आणि पुढे गोदावरीला मिळते. पाटोदा तालुक्यातच गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते. तीही अखेर गोदावरीलाच मिळते. परंतु त्याआधी ती महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण असा सातशे किलोमीटरहून अधिक प्रवास करते. निजामसागर हे धरण याच नदीवर बांधले गेले आणि हैदराबाद शहराला पिण्याचे पाणीही या नदीने पुरवले. म्हणजे राजधानीने ज्या मुलुखाकडे क्वचितच लक्ष दिले, त्याच मुलुखातून तिच्या घागरी भरत होत्या. तिसरी विंचरणा. ती दक्षिणेकडे वळते, सीनेला मिळते आणि सीना-भीमेच्या मार्गाने तिचे पाणी कृष्णेत जाते. पाटोदा आणि सौताडा यांच्या दरम्यान दुचाकीस्वार गोदावरीचे खोरे सोडून कृष्णेच्या खोऱ्यात प्रवेश करतो. या ठिकाणी पाटी नाही, कमान नाही, चढ संपल्याची जाणीवही धड होत नाही. तरीही एका बाजूला पडलेला थेंब आणि दुसऱ्या बाजूला पडलेला थेंब समुद्राला मिळेपर्यंत पुन्हा भेटत नाहीत.

सौताडा येथे विंचरणा पठाराच्या कडेवरून खोल दरीत झेपावते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर असून खाली उतरण्यास पायऱ्या आहेत. श्रावणात भाविकांची गर्दी असते. पर्जन्यछायेतील प्रदेश असल्याने धबधब्याचे दर्शन पावसावर अवलंबून असते; सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ त्यातल्या त्यात खात्रीचा. धारेच्या वरच्या बाजूस कड्यालगत उभे राहून छायाचित्रे घेण्याचा मोह टाळावा. शेवाळलेल्या कातळावर बूट घसरतातच.

सौताड्याचा घाट उतरून जामखेडकडे जाताना दुसरी सीमा लागते. आज ती बीड आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. १९४८ पर्यंत ती निजामाचे हैदराबाद संस्थान आणि मुंबई इलाखा यांची सरहद्द होती. ती सरळ रेषेत मुळीच नव्हती. जामखेड तालुक्याची गावे निजामी मुलुखात विखुरलेली होती. काही गावे तर चहूबाजूंनी परक्या हद्दीने वेढलेली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील तहांमध्ये गावे वाटली गेली ती महसुलाच्या हिशेबाने. जमिनीच्या सलगतेचा विचार त्यात नव्हता. परिणामी बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याच्या वाटेत संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात, आडवी येई. नाणे बदले. अलीकडे कलदार, पलीकडे हाली शिक्का. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा साधारण हिशेब. कचेरीची भाषाही बदले. संस्थानात ती उर्दू होती. पटवारी आणि तलाठी हे एकाच कामाचे दोन शब्द मराठीत नांदतात, त्यामागेही हीच दोन राज्ये आहेत.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. नाके गेले, शिक्के गेले. सीमा मात्र दप्तरात राहिली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ती अचानक पुन्हा दिसू लागली. कुणबी असल्याचे निजामकालीन पुरावे शोधण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय निघाला. पाटोद्यातील आणि जामखेडमधील दोन सोयऱ्यांच्या घरांत बोली तीच, शेती तीच, देवही तेच. परंतु पणजोबांच्या नावाची नोंद कोणत्या राज्याच्या कागदावर आहे, यावर पणतवाने कोणते दप्तर उघडायचे हे ठरते. पुसल्या गेलेल्या सीमेचा एवढा जिवंत अवशेष अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

जामखेडहून खर्डा. ज्यांना अहिल्यादेवी होळकरांचे जन्मस्थान चौंडी पाहावयाचे आहे, त्यांनी त्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. दोन्ही एका दिवसात उरकण्याच्या घाईत काहीच पाहून होत नाही. खर्ड्याचा भुईकोट निंबाळकरांचा. मार्च १७९५ मध्ये या परिसरात मराठे आणि निजाम अली खान यांच्यात लढाई झाली. नाना फडणवीसांच्या पुढाकाराने पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. निजामाकडे रेमंड या फ्रेंच सेनानीने तयार केलेल्या पलटणी होत्या. तरीही निजामाने रात्री माघार घेऊन याच किल्ल्याचा आश्रय घेतला आणि कोंडी असह्य झाल्यावर तह केला. दौलताबादसह मोठा मुलूख आणि जबर खंडणी त्याने कबूल केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव मृत्यू पावले, पुण्यात वारसाचा कलह माजला आणि विजयाचे फळ हाती राहिले नाही. मराठ्यांचा हा अखेरचा एकत्रित विजय मानला जातो. तटावर उभे राहिल्यास चोहोकडे सपाट, उघडे माळरान दिसते. घोडदळाला असे रान का सोयीचे आणि किल्ल्यात अडकलेल्याला ते का घातक, हे तेथे नकाशाविना उमगते.

खर्ड्याहून भूमकडे जाताना जुनी सरहद्द दुसऱ्यांदा ओलांडली जाते. भूम-वाशीचा पट्टा खव्यासाठी प्रसिद्ध आहे. पाऊस बेताचा, बागायत थोडी, म्हणून जोडधंदा दुभत्या जनावरांचा. आणि नासणारे दूध दूरच्या बाजारपेठेपर्यंत टिकवायचे तर ते आटवणेच भाग होते. कुंथलगिरी हे जैन तीर्थक्षेत्रही भूम तालुक्यातच आहे आणि तेथील पेढ्याची ख्याती त्याच खव्यामुळे.

वाशीहून पारगावजवळ महामार्गाला लागले की चौसाळा, मांजरसुंबा आणि उतारावर पाली. हा अखेरचा टप्पा अंधारापूर्वी संपवावा. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे तांडे साखरपट्ट्याकडे निघतात. ट्रक आणि ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्यांमध्ये संसार, शेळ्या, लहान मुले असे सारे असते, आणि मागचा दिवा बहुधा नसतो. पुढे हंगाम सुरू झाल्यावर याच रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॉल्या येतात. दुचाकीस्वाराला अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावण्याइतके अंतर उरलेले नसते. हेल्मेट, सुस्थितीतील टायर आणि पाटोदा, जामखेड किंवा भूम येथे वेळीच भरलेले पेट्रोल एवढी तयारी पुरते. सकाळी सहाला पाली सोडल्यास खर्डा दुपारी एकपर्यंत गाठता येते, आणि सूर्य मावळण्याच्या बेतात असताना मांजरसुंब्याच्या घाटातून खाली बिंदुसरेचे पाणी पुन्हा दिसू लागते.