इरल्याच्या पानांत दडवलेली पत्रकं

महामार्ग रुंद झाल्यापासून महाड बाहेरूनच बघितलं जातं. कोकणात जाणारा माणूस गांधारपाल्याच्या लेण्यांकडे गाडीतूनच मान वळवतो, सावित्रीवरचा पूल ओलांडतो आणि चहासाठी थांबतो तो थेट पोलादपुरात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. नवा पूल लवकर उभा राहिला, त्यावरून गाड्या सुसाट जातात.

महाडचा बाकीचा इतिहास शाळकरी पोरांनाही पाठ असतो. रायगड इथून सुमारे पंचवीस किलोमीटर. चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलं आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृतीचं दहन झालं. पोलादपूरच्या बाजूला तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आहे, आणि खुद्द पोलादपुरात ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी. या प्रत्येकावर दरवर्षी पानंच्या पानं छापून येतात, म्हणून तिथे थांबत नाही. मला सांगायचं आहे ते १० सप्टेंबर १९४२ बद्दल. महाडच्या बाहेर ही तारीख फारशी कोणाला ठाऊक नाही.

८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘करेंगे या मरेंगे’ झालं. दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढारी तुरुंगात गेले. चळवळ चालवायला मागे उरली ती तरुण पोरं. मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवत होते. तो १२ नोव्हेंबरला पकडला गेला. ९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याला सोळावं वर्ष चालू होतं. आणि दुसऱ्याच दिवशी महाडमध्ये नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा मोर्चा मामलेदार कचेरीवर निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. कमलाकर दांडेकर, वसंत दाते, विठ्ठल बिरवाडकर, नथू टेकावला आणि अर्जुन भोई कडू हे पाच जण हुतात्मा झाले.

ही पाच नावं एका दमात वाचून पाहा. तळ्याकाठच्या गावात, जिथे पंधराच वर्षांपूर्वी पाण्यावरून माणसांची डोकी फुटली होती, तिथे इतक्या वेगवेगळ्या घरांतली माणसं एका मोर्चात होती. या गोष्टीचा महाडला अभिमान वाटायला हवा.

अर्थात त्या वर्षीच्या महाडला एकच रंग नव्हता. तळ्याच्या सत्याग्रहाचे नेते डॉ. आंबेडकर तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि ‘चले जाव’चा मार्ग त्यांना मान्य नव्हता. याच तालुक्यातलं फौजी आंबवडे पहिल्या महायुद्धापासून घराघरांतून जवान देत आलेलं, दुसऱ्या महायुद्धातही कोकणातली पोरं पलटणीत भरती होत होती. एकाच खोऱ्यात कुणाच्या घरी लढाईवरून मनिऑर्डर यायची, तर कुणाच्या गोठ्यात सरकारला हवा असलेला माणूस लपलेला असायचा. शिवाय मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला होता. कोकणच्या अर्धपोटी घरात त्याचा अर्थ काय होतो, हे समजावून सांगायची गरज नाही. मोर्चा शेतकऱ्यांचा का होता, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

महाडच्या बाजारपेठेमागच्या एका गल्लीत मला एक पेंटरकाका भेटले. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. फ्लेक्स आल्यापासून तो जवळजवळ बसला आहे. आता कोणी बैलगाडीवर नाव काढून घेतं, कोणी होडीवर, कोणी देवळाच्या कमानीवर. त्यांच्या भिंतीवर काळ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा आहेत. खालची २००५ च्या पुराची, वरची २२ जुलै २०२१ ची. वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. त्या पुरात त्यांचे ऑइलपेंटचे डबे, ब्रश, बापाच्या वेळचे अक्षरांचे नमुने असलेली वही, सगळं चिखलात गेलं. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. वहीबद्दल बोलताना काका म्हणूनच आवाज चढवत नाहीत. “लोकांची माणसं गेली, मी वहीचं काय घेऊन बसू?” म्हणाले.

मी गेलो तेव्हा ते पाच लहान फळ्या रंगवत होते. दहा सप्टेंबरला शाळेची मुलं प्रभातफेरी काढतात, त्यांच्या हातात द्यायच्या. फळीला आधी पांढरा हात मारून वाळवलेली. दोरीला खडू चोळून, दोन टोकं ताणून ती मध्ये उचलून सोडली की सरळ रेघ उमटते. अशा दोन रेघांच्या मध्ये ते अक्षरं पेन्सिलीने हलकेच मांडतात आणि मग चपट्या ब्रशने भरतात. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. ते टोक फळीवर टेकवायचं आणि काठीवर उजवं मनगट ठेवायचं, म्हणजे हात हलत नाही. ‘विठ्ठल’मधला जोडाक्षराचा ठ्ठ त्यांनी माझ्यासमोर काढला. वरचा ठ थोडा आवळून, खालचा मोकळा. एका फेऱ्यात, ब्रश न उचलता. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. संगणकातल्या अक्षराला हे वळण येत नाही, आणि हा हात गेला की महाडमध्ये दुसरा हात नाही.

नावं कोणी लिहून दिली, असं विचारलं तर हसले. “लिहून कशाला द्यायला हवीत? आमच्या घरात ती तोंडपाठ आहेत.” आणि मग त्यांनी आजीची गोष्ट सांगितली.

आजी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या कुशीतल्या एका वाडीतली. बेचाळीस साली दहा-बारा वर्षांची. वाडीच्या वर रानात भूमिगत मंडळी येऊन-जाऊन असत. त्यांची नावं पोरांना कोणी सांगितली नव्हती, ‘पाव्हणे’ एवढंच म्हणायचं. घरातून नाचणीच्या भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी फडक्यात बांधून मिळे. गुरं घेऊन वर जायचं, एका ठरलेल्या आंब्याखाली फडकं ठेवायचं आणि मागे वळून न बघता पुढे निघायचं. येताना फडकं रिकामं असे, कधी त्यात घडी केलेला कागद असे. तो खाली दुसऱ्या वाडीत पोचवायचा.

श्रावण-भाद्रपदाचा पाऊस म्हणजे कागदाचा लगदा. त्यावर पोरांनीच उपाय काढला होता. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मध्ये दाबून बसवलेली पानं. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर ते कासवासारखं दिसतं. एका जागची कामटी सैल करून पानांच्या दोन थरांत कागद सरकवायचा आणि कामटी पुन्हा आवळायची. डोक्यावर इरलं घेतलेल्या पोरीला शिपायाने अडवलं, तरी तो बघणार फडकं. “इरलं कोण उसवतंय पावसात?” आजी म्हणायची. एकदा शिपायाने तिला खरोखर थांबवलं होतं आणि पाऊस वाढला म्हणून तोच तिच्या इरल्याखाली डोकं घालून उभा राहिला, असं ती सांगे. नातवंडं हा भाग पुन्हा पुन्हा सांगायला लावत.

ही एका घरातली आठवण आहे, आणि मी ती तशीच घेतो. पण नकाशा समोर धरला की पोरांकरवी निरोप धाडण्याची ही रीत किती शहाणपणाची होती हे कळतं. आंबेनळी चढून गेलं की सातारा जिल्हा, जिथे पुढच्या वर्षी नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. वरंध घाटाच्या वर भोर संस्थान. कशेडीपलीकडे रत्नागिरी. सावित्रीच्या मुखाशी उत्तरेकडे जंजिऱ्याच्या नवाबाचा मुलूख. महाडच्या फौजदाराचा हुकूम एका दिवसाच्या चालीवर संपत होता. पायवाटा कोणाला माहीत, तर गुराख्यांना. म्हणून भूमिगतांना पोरं लागत होती.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जत-माथेरानच्या पट्ट्यात भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्याही मागे भाकरी पोचवणारी, वाट दाखवणारी वाड्या-वस्त्यांवरची माणसं होती. मनोरे पाडणाऱ्यांची नावं खटल्यांच्या कागदांत आली. भाकरी थापणारीचं नाव कुठल्याच कागदात आलं नाही.

कारण साधं आहे. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं, तेव्हा अट होती किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची, नाहीतर भूमिगत असल्याच्या पुराव्याची. बायकांसाठी ती तीन महिन्यांवर आली ती पुढे, १९८० पासून. जी पोर पकडलीच गेली नाही, म्हणजे जिने काम चोख केलं, तिच्याकडे पुरावा कुठून येणार? पेंटरकाकांच्या आजीने कधी अर्जच केला नाही. “गुरं वळायची पेन्शन मागायची व्हय?” असं तिचं उत्तर.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या पुढाकाराने, राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली. स्वतः अंतुले याच जिल्ह्यातल्या आंबेतचे, आणि कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला तोही त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ साली. ही स्मारकं सगळीकडे साधारण एकाच घडणीची. कल्पना मोठी होती: तिथे वाचनालय चालावं, पोरांनी बसावं, गावाने जमावं. गेल्या काही वर्षांत राज्यातली अशी कितीतरी स्मारकं मी बघितली, त्यातली बरीचशी वर्षातून एकदोनदा झाडली जातात आणि पुन्हा कुलूप लागतं. महाडला किल्ल्यासाठी निधी येतो, तळ्यासाठी येतो, आणि तो यायलाच हवा. बेचाळीससाठी मात्र शाळेची फेरी आणि काकांच्या पाच फळ्या.

या आठवणी गोळा करण्यात खर्चाचं काही नाही. महाड आणि पोलादपूर, दोन्हीकडे कॉलेजं आहेत, मुलांच्या खिशात आवाज मुद्रित करणारे फोन आहेत. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढे गेलं आहे, पण त्यांच्या सुना आणि लेकी घरात आहेत आणि त्यांना गोष्टी ठाऊक आहेत. घाटाखालच्या वाड्यांवर जायचं आणि पुढाऱ्यांबद्दल न विचारता विचारायचं: तुमच्या वाडीत ‘पाव्हणे’ कुठे ठेवायचे? भाकऱ्या कोण थापायचं? गुरं कोण न्यायचं? निरोप खाली कोणाच्या हाती द्यायचा? काकांनी मला अशा चार वाड्यांची नावं कागदावर लिहून दिली आहेत. त्यातल्या एका वाडीत, ते म्हणाले, पावसाआधी जा, नंतर साकव ओलांडता येत नाही.