तेलाबरोबर निघणारे पाणी : शुद्धीच्या द्रव्यांची निवड

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, अरबी समुद्रात, १९७४ साली 'मुंबई हाय' या तेलक्षेत्राचा शोध लागला व १९७६ साली तेथून उत्पादन सुरू झाले. तेलक्षेत्र जसजसे जुने होते, तसतसे विहिरींतून तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण सामान्यतः वाढत जाते. हे पाणी समुद्रात सोडण्यापूर्वी त्यातील तेल काढणे अगत्याचे असते. कारण वर्सोवा-मढ येथील कोळ्यांची उपजीविका याच समुद्रावर चालते. भारतीय नियमांनुसार अशा पाण्यातील तेल ९५ टक्के निरीक्षणांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये व १०० मिलिग्रॅमची मर्यादा कधीच ओलांडली जाऊ नये.

तेलाचे मोठे थेंब आपोआप वर येतात. परंतु स्टोक्सच्या नियमाप्रमाणे थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा वेग चतुर्थांश होतो. शिवाय सूक्ष्म थेंबांवर बहुधा ऋण विद्युद्भार असल्यामुळे ते परस्परांस दूर लोटतात. म्हणून धनभारी बहुवारिके अल्प प्रमाणात घालून हा भार नाहीसा करतात. मग थेंब एकत्र येऊन तरंगू लागतात. मात्रा अधिक झाल्यास मात्र थेंबांवर धन भार चढतो व पायस पुन्हा स्थिर होते. यास्तव अधिक द्रव्य म्हणजे अधिक शुद्धी, हा समज चुकीचा होय.

याहून मोठी अडचण इतर द्रव्यांच्या सहवासाची आहे. नळांत क्षारांची पुटे बसू नयेत म्हणून ऋणभारी फॉस्फोनेटे, पोलाद गंजू नये म्हणून पृष्ठक्रियाशील गंजरोधके व जीवाणूंच्या नाशासाठी ग्लुटराल्डिहाइडसारखी द्रव्ये वापरण्याचा प्रघात आहे. धनभारी बहुवारिक व फॉस्फोनेट एकत्र आल्यास चिकट साका होऊ शकतो. जे थेंब एक द्रव्य जुळवू पाहते, तेच गंजरोधकामुळे अलग राहू शकतात. ऑक्सिजन काढण्यासाठी घातलेले बायसल्फाइट ग्लुटराल्डिहाइडशी संयोग पावून त्याचा प्रभाव घटविते.

तेव्हा कोणतेही द्रव्य एकटे पारखून चालत नाही. बाटलीतील चाचणी उत्पादनस्थळीच, ताज्या पाण्यावर, मूळ तापमानास व इतर सर्व द्रव्ये नेहमीच्या मात्रेत असतानाच घ्यावी. किनाऱ्यावरील प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नमुना निवतो, हवेमुळे त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि पायसाचे स्वरूप पालटते.

निवडीची अंतिम कसोटी मात्र किमान मात्रा हीच होय. वर दिलेली मर्यादा केवळ तेलाची आहे. ती पाळली गेली तरी पाण्यात उरलेले द्रव्य समुद्रातच जाते, आणि धनभारी बहुवारिकांपैकी अनेक माशांच्या कल्ल्यांस अपायकारक असतात.